शंभरला घेतलं, एकशे पस्तीसला विकलं: उरलं किती?

घर घेऊन पुढे विकायचा विचार करणारा माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो: "भाव किती वाढेल?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला असा: हे घर किती किमतीला विकलं म्हणजे मी घातलेला पैसा पुरताच परत येईल, ना नफा ना तोटा? या आकड्याला मी माझ्या वहीत बरोबरीची किंमत म्हणते. ती खरेदीच्या किमतीपेक्षा बरीच वर असते, आणि एका जागी थांबत नाही. महिन्यामागून महिना ती चढत जाते. भाव वाढला का, हे बघताना खरं तर बघायचं असतं ते हे, की भाव या चढत्या किमतीच्या पुढे धावतोय की मागे पडलाय.

माझा पेशा हिशेब लिहिण्याचा. नात्यातले, ओळखीतले लोक सौद्याआधी, आणि पुष्कळदा सौदा होऊन गेल्यावर, कागद घेऊन येतात. गेली कित्येक वर्षं मी त्या प्रत्येकाला एकच पान काढून देते, म्हणून म्हटलं ते पान इथे सविस्तर लिहून ठेवावं. घराची खरेदी किंमत मी १०० धरते. तुमची रक्कम कुठल्याही चलनात असो, काहीही असो, त्या पटीत आकडे वाढवून घ्या. दलाली, कर, व्याजदर देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा मी धरलेल्या टक्क्यांच्या जागी तुमचे टक्के घाला. पद्धत तीच राहते.

आधी सगळ्यात सोपा हिशेब. घर १०० ला घेतलं. सरकारी शुल्क, नोंदणी, वकील, एजंट, कर्जाची प्रक्रिया फी असं सगळं मिळून ७ गेले. म्हणजे किल्ली हातात आली तेव्हा खिशातून किंवा बँकेतून १०७ निघालेले आहेत. आता समजा दुसऱ्याच दिवशी विकायची वेळ आली. विकतानाही दलाली आणि कागदपत्रांचा खर्च असतोच, तो विक्री किमतीच्या ३ टक्के धरू. इथे बहुतेक जण १०७ मध्ये ३ मिळवून ११० म्हणतात. पण ते ३ टक्के विक्रीच्या किमतीवर जातात, म्हणून १०७ ला ०.९७ ने भागायचं. उत्तर येतं ११०.३. फरक बारीक दिसतो, पण विक्रीचा खर्च सहा-सात टक्के असतो तिथे तो चांगलाच जाणवतो. एका रात्रीत घराचं काहीच बदललेलं नाही, आणि तरी ते दहा टक्क्यांहून जास्त महाग विकलं तरच आपण जागच्या जागी.

त्यात दुरुस्ती घाला. १० धरू. आता घातलेले पैसे ११७ आणि बरोबरीची किंमत १२०.६. अजून एकही महिना गेलेला नाही.

इथून पुढे वेळ येतो, आणि सौदे बिघडतात ते इथेच. खरेदी किमतीपैकी ७० चं कर्ज काढलं, व्याज वर्षाला ९ टक्के. म्हणजे वर्षाचं व्याज ६.३. घरपट्टी, देखभाल, विमा, बंद घराचं किमान वीजबिल, सगळं धरून वर्षाला १.२. आणि स्वतःचा पैसा गुंतलाय ४७: किमतीतले ३०, खरेदीखर्चाचे ७ आणि दुरुस्तीचे १०. हे ४७ सुरक्षित ठेवीत असते तर समजा ६ टक्क्यांनी वर्षाला २.८ मिळाले असते. ते आता मिळणार नाहीत. तिन्हींची बेरीज वर्षाला १०.३, म्हणजे महिन्याला ०.८६. घर कुलूपबंद असो, रंगकाम चालू असो, गिऱ्हाईक "कळवतो" म्हणून गेलेलं असो, दर महिन्याला हे ०.८६ जातातच. एका वर्षानंतर बरोबरीची किंमत १३१.३ होते, दीड वर्षानंतर १३६.६, दोन वर्षांनंतर १४१.९. मी सरळव्याजाने मोजलंय, चक्रवाढीने आकडा थोडा आणखी वर जाईल. पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

हप्त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. काही जण पूर्ण हप्ता खर्चात धरतात, काही जण अजिबात धरत नाहीत. हप्त्यात मुद्दल असतं आणि व्याज असतं. मुद्दल फेडलं की तेवढं कर्ज कमी होतं, घर विकताना बँकेला तेवढं कमी द्यावं लागतं, म्हणजे ते आपल्याकडे परत येतं. व्याज परत येत नाही. पण मुद्दल फिटतंय म्हणून खूश होण्यासारखंही काही नसतं. ७० चं कर्ज वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण ०.६३ येतो. पहिल्या हप्त्यात व्याज असतं ०.५२५ आणि मुद्दल जेमतेम ०.१०. दीड वर्षात बँकेला एकूण ११.३ दिले जातात, त्यांतले सुमारे ९.३ व्याज आणि फक्त २ मुद्दल. लवकर घेऊन लवकर विकणारा माणूस कर्जाच्या नेमक्या त्या काळात असतो जेव्हा हप्ता म्हणजे जवळपास व्याजच. बँकेकडून परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्या, विक्रीच्या अंदाजे महिन्यावर बोट ठेवा आणि तिथवरच्या व्याजाची बेरीज करा. कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.

माझ्या मावसभावाने दीड वर्षापूर्वी घेतलेलं घर विकलं आणि आनंदाने फोन केला. "ताई, पस्तीस टक्के सुटले! दीड वर्षात!" मी त्याला संध्याकाळी कागद घेऊन बोलावलं. त्याचे आकडे वरच्यासारखेच होते, मी शंभराच्या मापात बसवून सांगते. विक्री १३५. दलाली वगैरे ४.०५ वजा जाता हाती १३०.९५. घर आणि खरेदीखर्च १०७, दुरुस्ती १०, दीड वर्षाचं व्याज ९.४५, देखभाल-कर-विमा १.८. एकूण १२८.२५. उरले २.७.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण तोटा तर नाही ना?" मी त्याच्या ४७ वर दीड वर्षाचं सहा टक्क्यांनी व्याज मांडलं: ४.२३. २.७ मधून ४.२३ गेले की वजा १.५. तो म्हणाला, "हे पैसे कुठे गेलेत ताई, हे तर मिळालेच नव्हते." या एका मुद्द्यावर माझं लोकांशी जितकं बोलणं होतं तितकं दुसऱ्या कशावर होत नाही. मी त्याला विचारलं, की तुझे ४७ मी दीड वर्ष वापरायला मागितले असते आणि तेवढेच परत दिले असते, तर तू दिले असतेस का? तो म्हणाला, "तुला दिले असते, परक्याला नाही." घर परकंच आहे. त्याने दीड वर्षात केलेले हेलपाटे, कंत्राटदाराच्या मागे लागणं, रविवार घालवणं, याचं तर मी काहीच धरलेलं नाही. एखादा हा धंदा म्हणून करणार असेल तर स्वतःची मजुरीही धरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दीड वर्ष कशात गेलं तेही आम्ही लिहून काढलं. दुरुस्तीला आठ महिने, गिऱ्हाईक मिळायला सात, आणि ठरल्यापासून कागद होऊन पैसे खात्यात यायला तीन. हेच सगळं बारा महिन्यांत उरकलं असतं तर त्याच १३५ मध्ये ठेवीचं व्याज धरूनही ३.६ उरले असते. भाव तोच, घर तेच, सहा महिन्यांनी उण्याचं अधिक झालं असतं.

आणि अजून कर बाकी आहे. मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर कर कसा लागतो, किती काळ धरल्यावर दर बदलतो, महागाईची सूट मिळते का, राहत्या घराला वेगळा नियम आहे का, हे प्रत्येक देशात निराळं. पण एक गोष्ट सगळीकडे तपासावी: कोणता खर्च वजा करू देतात. आपल्या हिशेबातला खर्च आणि कर खात्याच्या हिशेबातला खर्च एकच असेल असं नाही. समजा व्याज आणि देखभाल वजा करू दिली नाही. मग कर खात्याच्या लेखी नफा होतो १३५ उणे ४.०५ उणे ११७, म्हणजे १३.९५. त्यावर १५ टक्के कर म्हणजे २.०९. हातात प्रत्यक्ष उरले होते २.७, ते आता ०.६. म्हणून सौद्याच्या आधीच करसल्लागाराला विचारायचं, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती एका फाइलमध्ये लावायची. सुताराला रोखीने दिलेले आणि पावती न घेतलेले पैसे करापुरते झालेच नाहीत असं समजा.

आता दुरुस्तीकडे येते, कारण कागदावरच्या सगळ्या आकड्यांत सर्वांत सैल आकडा हाच असतो. "दहा लागतील" हे कुणी म्हटलं आणि कशावरून म्हटलं? मी ओळखीच्यांबरोबर घरं बघायला जाते तेव्हा आधी छताचे कोपरे बघते. सगळ्या भिंतींचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्याला ताजा पांढरा हात मारलेला असेल तर तिथे खाली काहीतरी आहे. पाणी मुरून सुकलं की कडेला तपकिरी रेघ उमटते. अशा एकात एक दोन-तीन रेघा दिसल्या तर गळती एकदा होऊन थांबलेली नाही, परत परत झालेली आहे. भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट सरकवायला सांगायचं आणि मागच्या गिलाव्यावर अंगठा दाबायचा. भुगा पडला तर ओल आत गेली आहे. मग सगळे नळ एकदम सोडायचे, धार कुठे बारीक होते ते बघायचं, आणि न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात वाहून जातं ते बघायचं. एका घरात बादली ओतल्यावर पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी उंबऱ्याकडे आलं. विकणारे म्हणाले, "थोडा उतार चुकलाय." उतार दुरुस्त करायचा म्हणजे लादी उखडायची, लादी उखडली की खालचं जलरोधक काम नव्याने करायचं, आणि तेवढं उघडलंच आहे तर गंजलेले पाइप परत झाकायचे कसे? एका वाक्यातला "थोडा उतार" दुरुस्तीच्या अंदाजात चौथाई भर घालून गेला.

त्यामुळे मी दुरुस्तीचे दोन भाग करते. डोळ्यांना दिसतं ते काम: रंग, दारं, खिडक्या, ओटा. यात अंदाज फारसा चुकत नाही, दहा टक्के राखीव ठेवले तरी चालतात. भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली आहे ते काम: पाइप, वायरिंग, ओल, पाया. इथे मी तीस-पस्तीस टक्के राखीव धरते आणि जुनं घर असेल तर त्याहून जास्त. दुसरं असं, की दुरुस्तीवर घातलेला प्रत्येक पैसा किमतीत परत येतोच असं नाही. नवे पाइप गिऱ्हाईकाला दिसत नाहीत. ते नसतील तर तो भाव पाडतो, असतील तर जास्त देत नाही. महागडा ओटा दिसतो, पण आजूबाजूच्या घरांच्या भावाला जी कमाल मर्यादा असते तिच्यापुढे तोही घराला नेत नाही.

कंत्राटदार निवडताना महिन्याच्या ०.८६ ची आठवण ठेवा. दोन कोटेशनं आली. एक १० चं, सहा महिन्यांत काम. दुसरं ११.५ चं, तीन महिन्यांत. कामाचा दर्जा सारखा असेल तर दुसरा स्वस्त आहे. तो दीडने जास्त मागतोय, पण तीन महिने वाचवतोय आणि तीन महिन्यांची किंमत २.६ आहे. मी हे सांगितलं की लोक थोडा वेळ गप्प होतात आणि मग परत पहिल्यालाच काम देतात, कारण कोटेशनवर १० छापलेलं दिसतं आणि महिने कुठेच छापलेले नसतात. कंत्राटात मुदत आणि उशिराचा दंड लिहून घ्यायचा आग्रह मी याचसाठी धरते. दंडाची रक्कम काय ठेवावी असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे: तुमचा महिन्याचा खर्च.

घर भाड्याने देता आलं तर बरोबरीची किंमत चढायचा वेग कमी होतो. वर्षाला ३ भाडं, त्यातून एक महिना रिकामा गेला असं धरून २.७५. मग महिन्याचा खर्च ०.८६ वरून ०.६३ वर येतो. स्वतः राहत असाल तर वाचलेलं भाडं मिळकतीत धरा, पण तुम्ही एरवी जेवढ्या भाड्याच्या घरात राहिला असता तेवढंच.

इतका वेळ खर्चाबद्दल बोलले, आता विक्रीच्या किमतीबद्दल. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो. मिळालेला भाव नोंदणीच्या दप्तरात असतो, आणि जिथे तो पाहायला मिळतो तिथे तोच घ्यावा. सरासरीवरही फार विसंबू नये. एखाद्या वर्षी मोठी घरं जास्त विकली गेली तर एकाही घराची किंमत न वाढता सरासरी वर जाते. हाच घोळ टाळायला बेली, म्युथ आणि नोर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये तेच घर दोनदा विकलं गेलं तेव्हाच्या दोन किमतींची तुलना करायची पद्धत मांडली. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी पुढे तीच सुधारून अमेरिकेतल्या घरांचा निर्देशांक तयार केला. आपण घरबसल्या याची छोटी आवृत्ती करू शकतो: त्याच इमारतीतलं, त्याच गल्लीतलं एखादं घर आधी केव्हा कितीला गेलं आणि नंतर केव्हा कितीला, अशा चार-पाच जोड्या शोधायच्या. मधली दुरुस्ती वजा करायची. वर्षाला किती टक्के पडले ते काढायचं. दहा वर्षांत दुप्पट झालं हे ऐकायला फार मोठं वाटतं, तो वर्षाला ७.२ टक्के दर आहे. ज्याचं कर्जच ९ टक्क्यांचं आहे त्याला तो पुरत नाही.

आणि भाव खाली येतच नाहीत असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर त्याला तारखा सांगाव्यात. त्याच केस-शिलर निर्देशांकानुसार अमेरिकेतले घरांचे भाव २००६ च्या शिखरावरून २०१२ पर्यंत सुमारे २७ टक्के उतरले. जपानमध्ये १९९१ च्या सुमाराला गाठलेल्या शिखरानंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ घसरत राहिले. आम्स्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे व्यवहार पीट आइखहोल्ट्झ या अभ्यासकाने तपासले. महागाई वजा केल्यावर जवळपास साडेतीनशे वर्षांत तिथल्या किमती साधारण दुपटीच्या आसपास पोचल्या. शहरातल्या उत्तम वस्तीतली घरं होती ती.

जवळचा भाव तरी नेमका सांगता येतो का? झिलो या अमेरिकी कंपनीकडे लाखो घरांची माहिती होती, किमतीचा अंदाज सांगण्यासाठीच ती ओळखली जायची. २०१८ पासून ती स्वतः घरं घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांनंतरच्या भावाचा अंदाज चुकत होता, आणि एका तिमाहीत हातातल्या घरांची किंमत तिला ३० कोटी डॉलरहून जास्त रकमेने कमी करून दाखवावी लागली. मी हे उदाहरण सांगते ते एवढ्यासाठी, की विक्रीच्या किमतीचा एकच आकडा घेऊन सौदा करू नये. निदान तीन घ्यावेत, आणि त्यांच्याबरोबर मुदतही बदलून बघावी.

हा हिशेब मी विक्रीपासून मागे येत करते. म्हणजे विक्री इतक्याला होईल, इतक्या महिन्यांत होईल, तर आज जास्तीत जास्त किती द्यावेत? वरचेच सगळे दर धरून, ठेवीचं व्याजही धरून: विक्री १३५ ला, दीड वर्षात, तर आज फार तर ९८.७ द्यावेत, आणि तेवढे दिले तर नफा शून्य. विक्री १३५ लाच, पण दोन वर्षं लागली, तर ९४.६. विक्री १२५ ला आणि दोन वर्षं, तर ८६.८. विकणारा मागतोय १००. मावसभावाने हे तीन आकडे खरेदीच्या आधी पाहिले असते तर तो बोलणी करायला ९० वर बसला असता, कारण पहिल्या, सगळ्यात चांगल्या शक्यतेतही हातात १० उरायचे असतील तर आज ९०.४ च द्यायला हवे होते.

अमेरिकेत जुनी घरं घेऊन, नीट करून विकणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित किमतीचे ७० टक्के काढा, त्यातून दुरुस्ती वजा करा, त्यापेक्षा जास्त देऊ नका. आपल्या उदाहरणात १३५ चे ७० टक्के ९४.५, उणे १०, म्हणजे ८४.५. माझ्या सगळ्यात वाईट शक्यतेतला आकडा ८६.८ होता. दोन्ही जवळजवळ एकाच जागी आले. ठोकताळा ढोबळ आहे, मुदत त्यात दिसत नाही, व्याजदर बदलले की तो हलायला हवा. पण एजंट समोर बसलेला असताना मनातल्या मनात करण्याजोगा आहे, आणि मी तो सगळ्यांना पाठ करायला सांगते.

कर्जामुळे नफा फुगतो तसा तोटाही. समजा मावसभावाचं घर १२० ला गेलं असतं. किंमत वीस टक्के वाढलेली. हाती ११६.४, खर्च १२८.२५, तोटा ११.८५. हा तोटा बँक वाटून घेत नाही, तो सगळा त्याच्या ४७ मधून जातो. म्हणजे भाव वीस टक्के वाढूनही त्याचा स्वतःचा पैसा चौथाईने कमी झाला असता. कर्ज काढून पुनर्विक्रीसाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे एक गणित स्वतःच्या हाताने करावं, दुसऱ्याने करून दाखवलेलं पुरत नाही.

शेवटी, ज्यांचं घर अडकलंय त्यांच्यासाठी. माझ्या एका मैत्रिणीने घेतलेलं घर दोन वर्षं उलटली तरी विकलं जात नव्हतं. आकडे याच मापात: १२५ ची बोली होती, ती १४२ वर अडून बसली होती, कारण तिची बरोबरीची किंमत तेवढी झाली होती. असं अडून बसणं तिचंच नाही. जेनेसोव्ह आणि मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये तो छापला. खरेदीपेक्षा कमी किंमत येईल अशी भीती असलेले मालक बाजारभावापेक्षा चढी किंमत मागत होते, आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. थोडी जास्त किंमत त्यांना मिळतही होती, पण मागितली होती त्याच्या तुलनेत फार थोडी.

मैत्रिणीला मी नवीन पान काढून दिलं आणि त्यावर खरेदीची किंमत लिहिलीच नाही. आज १२५ ला विकलं तर दलाली जाऊन १२१.२५ येतात, कर्जाचे ७० फेडले की ५१.२५ हातात. ते ठेवीत टाकले तर वर्षाला ३.१. कर्जाचं व्याज वाचतं ६.३, देखभाल वगैरे वाचते १.२. वर्षभर थांबायची किंमत १०.६, विक्रीच्या खर्चासकट जवळपास १०.९. म्हणजे एका वर्षाने हे घर १३६ ला गेलं तरच थांबणं आणि आज विकणं सारखं. ती वाढ होते ८.७ टक्के. "तुझ्या गल्लीत गेल्या तीन वर्षांत वर्षाला किती वाढलं?" मी विचारलं. आम्ही मिळालेल्या किमतींच्या तीन जोड्या शोधल्या. एकीतही वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढ नव्हती. "म्हणजे मी थांबून आणखी घालवतेय," ती म्हणाली, आणि तिथूनच तिने एजंटला फोन लावला. बोली १२५ चीच राहिली, पण पूर्ण रक्कम महिन्याभरात देण्याची अट तिने घालून घेतली, आणि खरेदीदाराने ती मान्य केली.